साडेचार हजार रुपये आणि पहिला समुद्र

पत्र असं आहे :

"ताई, मी बार्शीकडची. वय २४. तीन वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतेय. मुख्य परीक्षा झाली. मी अजून समुद्र पाहिलेला नाही. शिकवण्या करून साडेचार हजार साठवलेत. डिसेंबरमध्ये पाठीला एक सॅक लावून चार दिवस मुंबई एकटीनं फिरायची आहे. रूममेट म्हणते, एवढ्यात मुंबईत दोन दिवससुद्धा निघत नाहीत. आई म्हणते, जायचंच तर डोंबिवलीला मामाकडे राहा, तिथून फिर, नाहीतर जाऊ नकोस. मैत्रीण बरोबर आहे असं घरी खोटं सांगू का? आणि पैसे खरंच पुरतील का?"

अगं, पैसे पुरतील. आधी हे मनातून काढून टाक.

तीन वर्षं पेठेत मेसच्या डब्यावर आणि अभ्यासिकेच्या फीवर महिना काढणाऱ्या मुलीला मी काटकसर काय शिकवणार! रूममेटचं म्हणणं चुकीचं कुठे आहे तेवढं सांगते. मुंबईत खाणं महाग नाही, लोकल तर नाहीच नाही. सेकंड क्लासचं सगळ्यात कमी तिकीट आजही पाच रुपये आहे आणि बेस्टच्या साध्या बसचं दहा. पैसे खातात दोन गोष्टी. एक रात्रीची झोप, आणि दुसरी म्हणजे आज जुहू, उद्या बोरिवली, परवा कुलाबा अशी धावपळ. दमलेला माणूस टॅक्सीत बसतो, भूक लागली की समोर दिसेल त्या हॉटेलात शिरतो, आणि हिशोब तिथे कोसळतो. म्हणून पैसे कमी आहेत तर दिवस कमी करू नकोस, फिरण्याचा घेर कमी कर. पहिले दोन दिवस सीएसएमटी, कुलाबा आणि मरीन ड्राइव्ह एवढ्याच टापूत राहा. तिसऱ्या दिवशी गिरगाव आणि दादर. जुहू, वांद्रे, गोराई या खेपेला नाही. तुझ्यासाठी जे महत्त्वाचं आहे ते जवळजवळ सगळं त्या दक्षिण टोकाला, पायी जाता येईल इतक्या अंतरात आहे.

झोपेचं आधी ठरव, बाकी सगळं नंतर. फोर्ट-कुलाब्याच्या बाजूला डॉर्मिटरीत एक बेड साधारण सहाशे ते हजार रुपयांत मिळतो. नाताळच्या आठवड्यात भाव चढतात. ६ डिसेंबरच्या आसपास महापरिनिर्वाण दिनासाठी राज्यभरातून माणसं दादरला येतात, त्यामुळे तेव्हा राहण्याची आणि गाडीची दोन्हीची ओढाताण होते. या दोन्हींच्या मधला आठवडा बघ. ऑनलाइन बेड दिसला तरी पैसे भरण्याआधी फोन कर आणि स्पष्ट विचार : फक्त बायकांची डॉर्म आहे का, सामानाला लॉकर आहे का, एकट्या मुलीला देता ना, आणि सांगितलेल्या भावावर वेगळा कर लागतो का. मूळ आधार कार्ड जवळ ठेव.

'एकट्या मुलीला देता ना' हे मी उगाच लिहिलेलं नाही. मी तेवीस वर्षांची असताना रात्री साडेदहाला दादरजवळच्या एका लॉजवर पोहोचले होते. गल्ल्यावरच्या माणसानं वहीतून मान वर न करता सांगितलं, "बाईमाणसाला एकटीला खोली देत नाही." आदल्या दिवशी फोनवर हाच माणूस हो म्हणाला होता, फक्त बरोबर कोण आहे हे त्यानं विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. ती रात्र मी स्टेशनच्या बायकांच्या वेटिंग रूममध्ये बसून काढली. शेजारी एक मावशी मुलीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या, त्यांनी मला डिंकाचा लाडू दिला. तो लाडू आठवतो, पण तो अपमानही आठवतो, आणि तुझ्या वाट्याला तो येऊ नये असं फार वाटतं. म्हणून उजेडात पोहोच आणि बेड हातात आल्यावरच फिरायला निघ.

आता मामाचं. आईचं म्हणणं झिडकारू नकोस, पण जसंच्या तसं घेऊही नकोस. डोंबिवलीहून सीएसएमटीला लोकलला तास-सव्वा तास लागतो. चारही दिवस तिथून ये-जा केलीस तर रोजचे तीन तास गाडीत जातील, तेही सकाळी आत शिरायला जागा नसते त्या वेळी आणि संध्याकाळी त्याहून वाईट वेळी. सूर्यास्ताला मरीन ड्राइव्हवर बसलेली असताना 'मामी जेवायला थांबल्या असतील' हे मनात घोळत राहील. त्यापेक्षा दोन रात्री डॉर्ममध्ये आणि तिसरी मामाकडे. चौथ्या दिवशी परत यायला डोंबिवली सोयीची आहे, कारण कल्याण तिथून जवळ आहे आणि पुण्याच्या गाड्या कल्याणला थांबतात. परत सीएसएमटीला जायची गरजच नाही.

वार निवडताना गुरुवार ते रविवार घे. सोमवारी घारापुरी बंद असते. रविवारी दुपारी मध्य रेल्वेवर बहुतेक वेळा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद. तेव्हा तू मामाकडे जेवत असशील. निघायच्या आधी तेवढं वेळापत्रक मामांना विचारून घे, त्यांना तोंडपाठ असेल.

पुण्याहून सकाळी सिंहगड, डेक्कन क्वीन, प्रगती अशा गाड्या आहेत. सेकंड सीटिंगचं आरक्षण दीडशेच्या आत होतं, तेच कर. जनरल डब्यात पासवाल्यांची गर्दी असते आणि पाठीवर सॅक घेऊन घाटभर उभं राहण्यात काही मजा नाही. जमलं तर डेक्कन क्वीनचं कर. १ जून १९३० पासून धावणारी गाडी आहे, सव्वासातला पुण्याहून सुटते आणि साडेदहाच्या आत तुला सीएसएमटीला सोडते. डॉर्मचा बेड बहुधा दुपारी मिळेल. तोवर सॅक स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेव. तिथे रेल्वेचं तिकीट दाखवावं लागतं आणि कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून निघतानाच सॅकच्या चेनला एक छोटं कुलूप लाव. तिकीटही उतरल्या उतरल्या टाकून देऊ नकोस.

आता समुद्राबद्दल. हे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय.

पहिला समुद्र गेटवेवर पाहू नकोस. गेटवे पूर्वेकडे, बंदराच्या बाजूला आहे. समोर लाँचा, बोटी, पलीकडे डोंगरांची कड. ते पाणी छान आहे, पण तुझ्या मनात जो समुद्र आहे तो तो नव्हे. तुझा समुद्र पश्चिमेला आहे. दुपारभर फोर्टमध्ये फिर, आणि साडेचारच्या सुमारास हुतात्मा चौकातून चर्चगेटच्या दिशेनं चालू लाग. वाटेत ओव्हल मैदान लागतं. मैदान मधोमध ओलांडणारी पायवाट आहे, तिच्यावर अर्ध्यात थांब. पाठीमागे, पूर्वेला, राजाबाई टॉवर, विद्यापीठ, हायकोर्ट, म्हणजे काळ्या-पिवळ्या दगडातली टोकदार गॉथिक मुंबई. टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. समोर, पश्चिमेला, गोल कोपऱ्यांच्या, फिकट रंगांच्या आर्ट डेको इमारतींची रांग. या दोन्ही ओळी मिळून २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. चालू घडामोडीत पाठ केलं असशील. ते वाक्य त्या पायवाटेवर उभं राहून एकदा मनात म्हण. मैदानात पोरं क्रिकेट खेळत असतील, एकाच वेळी आठ-दहा सामने, एकाचा फिल्डर दुसऱ्याच्या पिचवर.

मैदान ओलांडलं की दहा मिनिटांत रस्ता संपतो आणि एकदम काहीच नसतं. इमारती नाहीत, झाडं नाहीत, फक्त कठडा आणि पाणी. तिथे पोहोचायची वेळही साधता येते. तुमच्या मेसच्या भिंतीवर कॅलेंडर असेलच, त्यात तिथी बघ. कोकणात तिथीवरून भरती काढायची जुनी रीत आहे : तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तितक्या वाजता भरती. अष्टमी म्हणजे आठाचे पाऊणपट, सहा. सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, आणि ती उधाणाची. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण बेत ठरवायला हे पुरतं. डिसेंबरमध्ये मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे अष्टमीच्या आगेमागे गेलीस तर भरती आणि सूर्यास्त दोन्ही एकत्र मिळतील. अष्टमीची भरती भांगाची, म्हणजे लहान. लाटा उसळणार नाहीत, पण पाणी कठड्याशी येऊन हलकं थपथपत राहील. पहिल्या भेटीला मला तेच बरं वाटतं.

कठड्यावर बस. पलीकडचे चार पायांचे सिमेंटचे ठोकळे आहेत त्यांच्यावर उतरू नकोस, कोणी उतरलेलं दिसलं तरीही. त्यांच्यावर शेवाळ असतं आणि मधल्या फटीत पाय गेला तर बाहेर काढणं कठीण. अंधार झाला की लगेच उठू नकोस. दिवे लागल्यावर त्या वळणाचा आकार कळतो. तिथे रात्री आठ-साडेआठपर्यंत कुटुंबं, म्हाताऱ्या बायका, कॉलेजची मुलं बसलेली असतात, एकटी बाई बसली म्हणून कोणी वळून बघत नाही. हा अनुभवसुद्धा घे.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठवलं तर ससून डॉक. १८७५ चा धक्का आहे. साडेपाच-सहाला बोटींतून मासळीच्या टोपल्या उतरतात आणि कोळणी लिलाव करतात. जमीन ओली आणि खवल्यांनी निसरडी असते, चपला नकोत, बूट घाल. फोटो काढायचा नाही, आणि वाटेत उभं राहायचं नाही. त्या बाया कामात असतात. मग नऊच्या सुमारास गेटवेवरून घारापुरीची लाँच. जाऊन-येऊन अडीचशेच्या थोडं वर जातं आणि लेण्यांचं तिकीट चाळीस रुपये. तुझ्या सगळ्या बेतातला हा एकच मोठा खर्च आहे आणि तो वाचवायचा नाही. तासभर पाण्यावर, दोन्ही बाजूंना नांगर टाकलेली जहाजं. वर शंभरच्या वर पायऱ्या आहेत. आत डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांब. त्रिमूर्ती हळूहळू दिसू लागते, जवळजवळ वीस फुटांची. बेटावर खाणं महाग आहे आणि माकडं पिशवी ओढतात, त्यामुळे पाण्याची बाटली भरून ने, आणि डबा सॅकच्या आत, हातात नको.

तिसरा दिवस तुझ्या नोट्सच्या वहीतला. सॅक पाठीवर घेऊन सकाळीच डॉर्म सोड. क्रॉफर्ड मार्केटजवळ सरदारगृह बाहेरून पाहा. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्यांनी देह ठेवला ती ही इमारत. तू रोज केसरीवाड्यावरून जात असशील, त्या आयुष्याचं दुसरं टोक इथे आहे. मग ग्रँट रोड स्टेशनवर उतरून पश्चिमेला दहा मिनिटं चाललं की ऑगस्ट क्रांती मैदान, १९४२ चं गवालिया टँक. त्याच भागात तेजपाल संस्कृत पाठशाळेत २८ डिसेंबर १८८५ ला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, ७२ प्रतिनिधींचं. ते पुण्यात भरायचं होतं, पुण्यात कॉलऱ्याची साथ आली म्हणून मुंबईला हललं. तिथून पाच-सात मिनिटांवर मणिभवन. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे राहत. प्रवेश फुकट. तिथून खाली उतरलं की गिरगाव चौपाटी, जिथे लोकमान्यांवर अंत्यसंस्कार झाले आणि आज पुतळा आहे. चार पानांची टिपणं एका सकाळच्या चालण्यात बसतात. तीन वर्षं ज्या सनावळ्या तू उजळणीसाठी घोकल्यास, त्यांना रस्ते आहेत, उतार आहे, कोपऱ्यावर चहाची टपरी आहे. हे पाहून झाल्यावर मुलाखतीच्या टेबलावर तू वेगळ्या आवाजात बोलशील असं मला खरंच वाटतं.

दुपारी चर्नी रोडहून दादर. शिवाजी पार्क, मग चैत्यभूमी. तिथे आत शांतता असते आणि मागे लगेच समुद्र. खूप मुली इथे एकट्या, पुस्तकं घेऊन आलेल्या दिसतील. जितकं बसावंसं वाटेल तितकं बस, मात्र डोंबिवलीकडे संध्याकाळच्या गर्दीत निघू नकोस. एकतर चारच्या आत, नाहीतर नऊनंतर. इंडिकेटरवर 'डोंबिवली' असेल ती लोकल पकड. कर्जत-कसाऱ्याच्या गाडीत सॅक घेऊन शिरलीस तर उतरताना हाल होतील. सॅक पुढे, पोटावर घे, आत गेलीस की वरच्या फळीवर ठेव. नऊनंतर महिला डब्यात पोलीस असतो. फर्स्ट क्लासचा आणि सेकंडचा महिला डबा एकमेकांना लागून असतात, चढताना पाटी वाच. दंडात तुझा एका दिवसाचा खर्च जाईल.

खाण्याचं तुला सांगायला नको. सकाळी इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा किंवा उडप्याकडे इडली, दुपारी फोर्टच्या गल्लीतली राइस प्लेट, रात्री वडापाव, पावभाजी. दिवसाला अडीचशे खूप झाले. कार्यालयांच्या भागात दुपारी जिथे कारकून रांग लावतात तिथे जेव, कधी चुकत नाही.

बाथरूमचं मात्र सांगते, कारण पुरुष लिहितात त्या प्रवासवर्णनांत ते नसतं. दिवसभर चालताना बायका पाणी पीत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात. पाणी पी. संग्रहालयं, जहांगीर आर्ट गॅलरीसारखी ठिकाणं आणि ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत सुरू झालेल्या भुयारी मेट्रोची स्टेशनं लक्षात ठेव, पुढचं ठिकाण येण्याआधी तिथे जाऊन ये. सुलभसाठी दोन-पाचची नाणी वेगळ्या खिशात.

सॅक सिंहगडला जाणाऱ्या एखाद्या मैत्रिणीकडून माग, नवी घेऊ नकोस. पंचवीस-तीस लिटरची पुष्कळ झाली. पुण्याची हवा कोरडी, तिथली दमट. सुती कपडा रात्री धुतला तर सकाळी ओलाच असतो. ट्रेकचे पटकन वाळणारे दोन टी-शर्ट ने.

हिशोब मांडून देते. गाडी जाऊन-येऊन अडीचशे. दोन रात्री सोळाशे. घारापुरी तीनशे. खाणं आठशे, कारण रविवारी मामी बाहेर खाऊ देणार नाहीत. लोकल आणि बस दोनशे, किरकोळ दोनशे. झाले ३,३५०. मामाकडे जाताना बाकरवडीचं पाकीट पुण्याहूनच घे. हजारभर उरतात. त्यातले पाचशे सॅकच्या आतल्या खिशात, घडी घालून, आणि परत येईपर्यंत ते नाहीतच असं समज. लोकलचं तीन-पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीट मिळतं, दीडशेच्या आसपास, पण या बेतात तुला ते लागणार नाही.

राहिलं खोटं सांगायचं. नको. नैतिकतेचं सांगत नाही. त्या रात्री तुझा फोन बंद पडला, तर आई त्या नसलेल्या मैत्रिणीला फोन लावेल. तू कुठे आहेस हे माहीत असलेलं एक माणूस घरात असलंच पाहिजे, आणि ते आई असलेलं बरं. तिला 'जाऊ का' असं विचारू नकोस. चोवीस वर्षांची आहेस, स्वतःच्या पैशानं चाललीस. गाडीचा नंबर, डॉर्मचा पत्ता आणि फोन, कोणत्या रात्री कुठे, हे एका कागदावर लिही, त्याचा फोटो तिला पाठव आणि मग फोन कर. सकाळी एक आणि रात्री बेडवर पोहोचल्यावर एक, असे दोन फोन रोज करीन म्हणून शब्द दे आणि पाळ. तिची भीती मुंबईची नाही, न कळण्याची आहे. आईनं समुद्र पाहिलाय का, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. फोनवर तेही विचार.

पण सगळ्यात आधी मामांना फोन कर. "शनिवारी रात्री मुक्कामाला येतेय, त्याआधी दोन दिवस मुंबईत आहे" एवढं सांग. भाऊ हो म्हणाला हे ऐकल्यावर आईचा आवाज अर्धा तरी उतरेल. ११२ आणि रेल्वेचा १३९ हे नंबर फोनमध्ये घालून ठेव, आणि आरक्षण या आठवड्यातच कर. गुरुवारच्या गाडीला खिडकी मिळाली तर बघ.